विश्लेषण : संगणकावरचे व्हॉट्सॲप पुन्हा ‘वेबपान’ का झाले? त्यात धोका कुठे?

विंडोज संगणकांवरील व्हॉट्सॲप २०२५ च्या अखेरीस बदलले. २०२२ मध्ये आलेले, खास विंडोजसाठी लिहिलेले ॲप जाऊन ‘वेबव्ह्यू २’च्या चौकटीत उघडणारे व्हॉट्सॲप वेब आले. चिन्ह तेच, आत मात्र वेबपान. मग हे पान संगणकाकडून कामे करून घेते कसे?

पानाला कुंपण कशासाठी?

ब्राउजरमधील पान संगणकापासून मुद्दाम तोडलेले असते. आपण निवडून दिल्याशिवाय ते फाइल वाचू शकत नाही. हे कुंपण नसते, तर एखाद्या संकेतस्थळावर नुसते डोकावल्यानेही घरची कागदपत्रे उघडी पडली असती.

पूल कसा बांधतात?

अशा ॲपचे दोन भाग असतात. आत वेबपान, बाहेर संगणकाची दारे उघडू शकणारा मूळ प्रोग्रॅम. पानातील जावास्क्रिप्ट ‘पोस्टमेसेज’ या आज्ञेने बाहेर चिठ्ठी पाठवते : ही सूचना दाखव, ही फाइल साठव. बाहेरचा भाग ते काम करून उत्तर धाडतो. बँकेत खातेदार तिजोरीत शिरत नाही, खिडकीतून स्लिप देतो, तसेच हे. प्रश्न एवढाच, की कॅशियर सही तपासतो का?

तपासली नाही तर?

याचे उदाहरण व्हॉट्सॲपचेच आहे. त्याचे सुरुवातीचे डेस्कटॉप ॲप ‘इलेक्ट्रॉन’वर बेतलेले होते. आयफोनशी जोडलेल्या या ॲपमध्ये लिंकच्या बनावट प्रीव्ह्यूवर क्लिक केल्यास संगणकावरील फाइल वाचता येतात, हे संशोधक गाल वाइझमन यांनी दाखवले. २०२० च्या सुरुवातीला ते जाहीर झाले, तोवर त्रुटी दुरुस्त झाली होती. त्या ॲपमधील ब्राउजर इंजिनही जुने होते.

इलेक्ट्रॉननेही पुढे दारे आवळली. पानाला फाइल प्रणालीपर्यंत थेट नेणारी सोय २०१९ पासून मुळातच बंद असते. पानाचा आणि पुलाचा कोड वेगळा ठेवणे २०२१ पासून मूळ सेटिंग झाले.

तरी कंपन्या याच वाटेने का जातात?

एकच कोड सगळीकडे चालतो, खर्च वाचतो. मायक्रोसॉफ्टचे नवे ‘टीम्स’ही २०२३ मध्ये वेबव्ह्यू २ वर आले. यात इंजिन परस्पर अद्ययावत होते, ही जमेची बाजू. मेमरीचा भार मात्र वापरकर्त्याच्या माथी. शिवाय पुलावरून काय जाऊ द्यायचे, हे ॲप बनवणारी कंपनीच ठरवते. मोबाइलवर फोटो पाहण्याआधी ॲप निदान परवानगी मागते. विंडोजवरील बहुतेक जुन्या धाटणीच्या ॲपना तेवढेही विचारावे लागत नाही.