पैकीच्या पैकी

दिवाळीच्या तोंडावर आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन कामे शेजारी शेजारी चालतात. एका टोकाला सौ. शंकरपाळ्या कापत असते आणि दुसऱ्या टोकाला मी पहिल्या सत्राच्या चाचणीचे पेपर तपासत असतो. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना हे ठाऊक आहेच. गेल्या वर्षी एका पेपरावर तुपाचा डाग पडला, आणि त्या मुलाला मी तेवढ्यासाठी दोन मार्क जास्त दिले, असा घरातल्यांचा माझ्यावर अजून आरोप आहे.

यंदा टेबलाची तिसरी बाजू चिरंजीवांनी अडवली. बारावीतला मुलगा सणासुदीच्या दिवसांत आपण होऊन बापाशेजारी येऊन बसला, की बापाने खिसा चाचपावा हे मी अनुभवाने शिकलो आहे. झालेही तसेच. त्याला एक व्हिडिओ गेम घ्यायचा होता. निम्मे पैसे त्याच्याजवळ साठले होते. उरलेले निम्मे माझ्याजवळ साठले असावेत असा त्याचा अंदाज होता. पुरावा म्हणून त्याने मोबाईलवर त्या खेळाचे एक परीक्षण उघडून माझ्यापुढे ठेवले. परीक्षकाने दहापैकी दहा दिले होते. मी सवयीप्रमाणे आकडा सोडून मजकूर वाचू लागलो, तर त्यात खेळाचे चार दोष एकामागून एक सांगितलेले!

"अरे, चार चुका काढतो आणि वर पैकीच्या पैकी देतो? हा कसला परीक्षक?"

"का? तुम्ही नाही देत असे, बाबा?"

"आजवर एकदाही नाही," मी म्हणालो, आणि म्हणताना मला बरे वाटले.

सौ.ने मान वर न करताच विचारले, "अहो, पण यात बरं वाटण्यासारखं काय आहे?"

तेवढ्यात खिडकीखालून कसाऱ्याकडे जाणारी लोकल धडधडत गेली, म्हणून उत्तर द्यावे लागले नाही. शहाडला स्टेशनाला लागून घर घेतल्याचे जे थोडे फायदे आहेत त्यांतला हा एक.

मराठी शिकवणाऱ्यांची जातच हात राखून मार्क देणारी. गणिताच्या मास्तरांना शंभर द्यावेच लागतात; उत्तर बरोबर आले की त्यांचा हात बांधला जातो. आमचे तसे नाही. निबंध कितीही उत्तम असो, दोन मार्क आम्ही सरस्वतीसाठी म्हणून बाजूला ठेवतो, आणि ती काही ते न्यायला येत नाही. माझ्या लहानपणी मराठीत सत्तर मिळाले तर आळीत पेढे वाटत. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या २११ मुलांना शंभर टक्के मिळाले. कला-क्रीडांचे वाढीव गुण त्यात धरलेले असतात हे खरे. तरी तो आकडा वाचून आमच्या शिक्षक-खोलीत जे उसासे निघाले ते सहज कल्याण स्टेशनापर्यंत ऐकू गेले असतील.

पुस्तकांच्या बाबतीत आम्ही आकडा टाळतो, आणि ती मोठी सोय आहे. मराठी ग्रंथपरीक्षणाचा शेवटचा परिच्छेद मी झोपेतही लिहू शकेन. मुखपृष्ठ समर्पक आहे, छपाई सुबक आहे, काही मुद्रणदोष राहून गेले आहेत ते पुढील आवृत्तीत दूर होतील अशी आशा आहे. एवढे लिहिले की पुस्तक थोर आहे की टाकाऊ, हे सांगण्याच्या जोखमीतून परीक्षक सुटला. खेळांच्या परीक्षकाला अशी पळवाट नाही. त्याला शेवटी आकडा मांडावा लागतो, आणि त्या आकड्याच्या भरवशावर कोणाचा तरी मुलगा बापाच्या खिशात हात घालतो. मोठ्या खेळांची किंमत आज चार-पाच हजारांच्या घरात आहे.

चिरंजीवांनी मग मला या विषयाचा इतिहास शिकवला. बाप शिक्षक असला की मुलाला उट्टे काढायची अशी संधी क्वचित मिळते. त्याने ती पुरती घेतली. जपानात 'फामित्सू' नावाचे खेळांना वाहिलेले नियतकालिक १९८६ पासून निघते. त्यात एका खेळाचे चौघे परीक्षण करतात, प्रत्येकाकडे दहा गुण, बेरीज चाळीस. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला खेळ १९९८ साली आला. त्याचे नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम'. ओकारिना म्हणजे तोंडाने वाजवायचे एक छोटेसे वाद्य. खेळातला पोरगा ते वाजवतो. एका सुरावटीने पाऊस येतो, दुसरीने दिवसाची रात्र होते. मुलाने मला तो भाग चालवून दाखवला. खरे सांगतो, पाऊस आला तेव्हा मी पेन खाली ठेवले.

आणि याच खेळात पाण्यातले एक मंदिर आहे. तिथे तळाशी जायचे तर जड लोखंडी बूट घालायचे, वर यायचे तर काढायचे. दर वेळी खेळ थांबवा, यादी उघडा, बूट बदला, यादी मिटा, पुन्हा चालू करा. हे इतक्या वेळा करावे लागते, की जगभरच्या मुलांनी त्या मंदिराच्या नावाने बोटे मोडली. ज्याने ते रचले त्या एजी आओनुमा यांनी पुढे बुटांच्या त्या त्रासाबद्दल मोकळेपणाने दिलगिरी व्यक्त केली, आणि २०११ साली हा खेळ नव्या यंत्रासाठी निघाला तेव्हा बूट चटकन घालता-काढता येतील अशी व्यवस्था झाली. म्हणजे कर्त्याने स्वतः कबूल केलेला दोष आहे. मग त्या चौघा परीक्षकांनी तेव्हाच एकेक गुण कापायला हवा होता काय?

"छत्तीस दिले असते तर बरं झालं असतं?" चिरंजीवांनी विचारले.

मला लगेच हो म्हणवेना. पाऊस डोळ्यांपुढे होता.

१९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला जिम्नॅस्टिक्समध्ये दहापैकी दहा मिळाले. गुणफलकावर दहाचा आकडा उमटण्याची सोयच नव्हती, म्हणून तिथे १.०० असा आकडा झळकला. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्याच खेळाने २००६ पासून ते पूर्ण दहा मोडीत काढले, हे फारसे कोणी सांगत नाही. आता बिकटपणाचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. कोणी काय धाडस केले आणि ते किती नेटके पार पाडले, या दोन प्रश्नांची उत्तरे एका आकड्यात कोंबायची नाहीत, असे त्यांनी ठरवले. मला हे फार शहाणपणाचे वाटते. सोपी उडी बिनचूक मारणारा आणि कोणी न मारलेली उडी मारून उतरताना पाऊलभर ढळणारा, या दोघांना एकाच फूटपट्टीने मोजले की नेहमी पहिला जिंकतो. शाळेत, कॉलेजात, कचेरीत आपण हेच पाहत आलो.

म्हणून दोष असलेल्या खेळाला दहा द्यायला माझी आता हरकत उरलेली नाही. पण सगळे दोष एका जातीचे नसतात. २०२० च्या डिसेंबरात 'सायबरपंक २०७७' नावाचा पोलंडमधल्या कंपनीचा खेळ आला. परीक्षकांना आधी खेळायला मिळाला तो संगणकावरचा; त्यांतल्या पुष्कळांनी भरघोस गुण दिले. लोकांनी घरातल्या जुन्या प्लेस्टेशनवर लावून पाहिला, तर तो अडखळे, मध्येच बंद पडे. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत करण्याची तयारी दाखवली. अभिप्रायार्थ पाठवलेली प्रत कापडी बांधणीची आणि गिऱ्हाईकाला मिळालेली प्रत निम्मी पाने कोरी, असा हा प्रकार. हल्ली खेळ विकल्यावर मागाहून दुरुस्त्या पाठवायची रीत आहे. आमच्या जुन्या पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असे, त्याचाच हा अवतार. पण शुद्धिपत्राने 'हस्व'चे 'ऱ्हस्व' होते, कोरी पाने छापली जात नाहीत. लोखंडी बूट हा पुऱ्या झालेल्या कामातला दोष. बंद पडणारा खेळ हा अपुरे काम पुरे म्हणून विकल्याचा दोष. त्याला कसले दहा?

एकेक गुण कापताना हात जड का व्हावा, तेही याच जगात कळते. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा खेळ २०१० साली निघाला. त्यातही चुका बऱ्याच होत्या, पण लिहिलेला मोठा सुरेख. सगळ्या परीक्षणांची सरासरी काढणारी मेटाक्रिटिक नावाची एक जागा आहे. तिथे पंच्याऐंशी आले तर खेळ बनवणाऱ्या कंपनीला बक्षिसी मिळायची, असा करार होता. आले चौऱ्याऐंशी. ही गोष्ट त्या कंपनीतल्या ख्रिस अॅव्हेलोन यांनीच २०१२ साली जाहीर सांगितली. कुठल्या परीक्षकाने कुठल्या चुकीसाठी कापलेला गुण त्या बक्षिसीच्या आड आला, हे कोण शोधणार?

आपल्या घरचे उदाहरण द्यायचे तर पुण्याचे. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, भिंतींवर चित्रे. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवले. फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटते ते मी सांगायला नको. पुढे जगातल्या पदार्पणातल्या उत्तम खेळांच्या नामांकनांत त्याचे नाव आले. परीक्षकांनी चित्रांची तारीफ केली आणि दोषही सांगितले. दृश्य एकाच कोनातून दिसते, त्यामुळे उडीचा अंदाज चुकतो. गोष्ट रंगात आली आणि संपली.

"याला किती द्याल?" मुलाने विचारले.

"सात. फार तर साडेसात."

"आपल्या पुण्याचा आहे, बाबा!"

"म्हणूनच अर्धा जास्त धरला."

आपला म्हणून दहा देणे हे मला तुपाच्या डागाला मार्क देण्यासारखे वाटते. फ्लॅट विकणाऱ्या बाईंना खोट्या दहापेक्षा, उडीचा अंदाज का चुकतो हे सांगणारा माणूस अधिक उपयोगी पडला असेल. मुलाला मात्र मी उरलेले निम्मे पैसे दिले. ज्या परीक्षकाने चार चुका न लपवता दहा दिले, त्याच्या दहावर माझा विश्वास बसला. चुका एकही न सांगता दहा देणारा असता तर मी खिशाला हात लावला नसता.

पण "आजवर एकदाही नाही" हे माझे वाक्य त्या रात्री मला झोपू देईना.

२००८ सालची गोष्ट. नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते. कॉलेजच्या निबंधस्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे आले. विषय 'माझी आई'. म्हणजे वीस निबंधांत वीस आया, सगळ्या वात्सल्यसिंधू. एकच निबंध निराळा निघाला. मुलीची आई स्टेशनाच्या पुलाखाली भाजी विकायची. रात्री घरी आली की भारनियमनाने दिवे गेलेले. ती अंधारातच पदराची गाठ सोडून नाणी मोजी, बोटांनी कडा चाचपून. मुलगी शेजारी पडून आवाजावरून हिशेब करी, आणि आई चुकली तरी बोलत नसे, कारण आई नेहमी कमीच मोजी आणि सकाळी दोन रुपये जास्त निघाले म्हणून हसे.

त्या निबंधात 'आणि' अकरा वेळा 'आणी' असा लिहिलेला होता. अकराही वेळा मी लाल शाईने गोल केले. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहावा, हा साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांतला नियम. 'आणि' आणि 'नि' हे त्याला अपवाद. म्हणजे ती पोर नियमानेच चालली होती, अपवादाने तिला पाडले. मी वीसपैकी पंधरा दिले. दुसऱ्या एका मुलीच्या निर्दोष निबंधाला सोळा. पहिला आलेला निबंध वार्षिकात छापायचा अशी पद्धत होती. दुसरा रद्दीत गेला असणार.

ते वार्षिक माझ्या कपाटात आहे. परवा रात्री उठून तो सोळा गुणांचा निबंध पुन्हा वाचला. खरोखरच एक चूक नाही. सकाळी सौ.ने विचारले काय होते त्यात, तर मला सांगता येईना.

भाजीवालीची ती मुलगी गेल्या आठवड्यात शहाडच्या प्लॅटफॉर्मवर भेटली. आता कल्याणला एका कचेरीत आहे, टिटवाळ्याला दिलेली. दिवाळीला माहेरी येऊन परत चालली होती. हातात फराळाची पिशवी, दोन मुले. तिनेच ओळखले. आईची चौकशी केली. आई आता बसून असते, गुडघे दुखतात, म्हणाली. मी भीत भीत विचारले, त्या निबंधाची प्रत आहे का तुझ्याजवळ?

"कोणता हो सर?"

मी आठवण दिली.

"तो होय! तो कागद तुमच्याकडेच राहिला ना." ती हसली. "काय बरं लिहिलं होतं मी? नाण्यांचं काहीतरी होतं, नाही?"

गाडीला चार मिनिटे होती. मी तिला अंधार, पदराची गाठ, बोटांनी चाचपलेल्या कडा, कमी मोजलेले दोन रुपये, सगळे सांगितले. मुले पिशवीतली चकली काढून खात ऐकत होती. धाकटीने विचारले, ही आजीची गोष्ट आहे का? तेवढ्यात टिटवाळा गाडी आली, आणि तिघे गर्दीत चढून गेली.