हशाची जागा

‘सम लाइक इट हॉट’ या १९५९ च्या चित्रपटात बाईच्या वेशातला जॅक लेमन मित्राला स्वतःच्या साखरपुड्याची बातमी सांगतो. हातात खुळखुळे, दर वाक्यानंतर ते वाजवत तो ठेका धरतो. दिग्दर्शक बिली वाइल्डर यांची ही हिशेबी योजना होती. हशा पिकला की पुढचे वाक्य बुडते, म्हणून हशा ओसरेपर्यंतचा वेळ त्यांनी चित्रीकरणातच भरून ठेवला. समोर नसलेला प्रेक्षक किती हसेल याचा अंदाज चित्रपटाला आधीच बांधावा लागतो. रंगभूमीवर नटाला तो हशा ऐकू येतो. तरीही गाजलेल्या विनोदी चित्रपटाचे म्युझिकल करताना त्याचे संवाद आणि थांबे तसेच उचलले, तर प्रेक्षक फक्त आठवणीशी ताडून पाहत बसतो.

ब्रॉडवेने या चित्रपटाला दोनदा हात घातला. १९७२ चे ‘शुगर’ चित्रपटाच्या वाटेनेच गेले. संगीत ज्यूल स्टाइन यांचे, दिग्दर्शन गॉवर चॅम्पियन यांचे. प्रयोग ५०५ झाले. डिसेंबर २०२२ मध्ये शूबर्ट थिएटरात आलेले, चित्रपटाच्याच नावाचे म्युझिकल मात्र धीट होते. मॅथ्यू लोपेझ आणि अँबर रफिन यांनी कथेचा काळ १९२९ वरून १९३३ वर आणला, नायिका शुगर कृष्णवर्णीय गायिका झाली, दोघे मित्र बाईच्या वेशात ज्यात लपतात तो बायकांचा वाद्यवृंद फ्लोरिडाऐवजी सॅन दिएगोला निघाला. (पडद्यावरच्या ‘फ्लोरिडा’तले हॉटेलही खरे तर तिथल्याच किनाऱ्यावरचे!)

पण खरा बदल जेरीत, म्हणजे लेमनने साकारलेल्या पात्रात आहे. चित्रपटात त्याने बाईच्या वेशात डॅफ्नी होणे हे गुंडांपासून जीव वाचवण्यासाठी घेतलेले सोंग. हसू त्या सोंगाचे. इथे जेरीला डॅफ्नीमध्ये स्वतःचीच ओळख पटते आणि ती गाण्यातून बाहेर येते. बोलून भागत नाही तेव्हाच पात्राने गावे, ही संगीतिकेची अट इथे पुरी होते. या भूमिकेसाठी जे. हॅरिसन घी यांना २०२३ चे टोनी पारितोषिक मिळाले, ते रास्तच. यात मूळची बेपर्वाई थोडी हरवली, ही तक्रार मला मान्य आहे. त्या बदल्यात जे मिळाले ते मला अधिक मोलाचे वाटते. शेवटचा पाठलागही तसाच नव्याने रचलेला : गुंड, नायक, वाद्यवृंदातल्या बायका, सारे टॅप नाचत दारांतून आत-बाहेर करतात आणि सारा फार्स पायांच्या तालावर चालतो.

हे म्युझिकल ३० डिसेंबर २०२३ ला, जेमतेम वर्षभरात बंद झाले. परिचित नाव म्हणजे सुरक्षित गुंतवणूक, असे मानणाऱ्या निर्मात्यांनी यावरून ‘बदल नकोत’ असा धडा घेऊ नये. मूळ चित्रपट शाबूत आहे, त्यातली शुगर म्हणजे मेरिलिन मन्रो आणि लेमन हवे तेव्हा पाहता येतात. त्यांची नक्कल पाहण्यासाठी कुणी महागडे तिकीट का काढावे?