कपाळावरचा उजेड

कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याने आयुष्यात एकदाही मोटार पाहिली नसावी. माणसाचं एक वेळ ठीक आहे. तोंडावर लख्खकन उजेड पडला की माणूस डोळे मिटतो, बावळट दिसतो. पण मुळात आहे त्याहून फार वेगळा दिसतो, असं काही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मोटार मात्र म्हणजे चार चाकांवरचा आरसा. आरशासमोर दिवा धरून आरशाचा फोटो कोणी काढतं का?

आमच्या यावलला दसऱ्याच्या दिवशी पाहावं. झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि शेजारी केळीचा पैसा हाती आलेले अण्णा. फ्लॅश उडतो. फोटोत काय येतं? पत्रा काळाठिक्कर, काचेत एक पांढरा ठिपका आणि नंबरप्लेटच्या जागी दिवाळीतला भुईनळा. नंबर गुल!

यात भूतबाधा काही नाही. गुळगुळीत पत्रा तिरपा आलेला उजेड पलीकडे टोलवतो. नंबरप्लेट मात्र उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते. रात्री हेडलाइटमध्ये नंबर वाचता यावा म्हणूनच ती तशी केलेली असते. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना तर ही चकाकती, उच्च सुरक्षा पाटी सक्तीची आहे. म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवणारा स्वतःच्याच भिंगात उजेड ओतून घेतो.

तेव्हा फ्लॅश खाली उतरवा. स्वस्तातला रेडिओ ट्रिगर लावा, तारेची भानगड नाही. फ्लॅश भाच्याच्या हातात द्या आणि त्याला गाडीच्या बाजूला उभं करा. उजेड पत्र्यावर न मारता पांढऱ्या चादरीवर मारा. पत्रा आरसाच असल्यामुळे त्यात चादर उमटते आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत एक लांब, मऊ रेघ धावते. वेळ सूर्य मावळल्यावरची. आकाशाचा उजेड शटरने सांभाळायचा, फ्लॅशचा ॲपर्चरने. शटर मात्र साधारण १/२०० सेकंदाहून जलद नेलं, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोवर काळी पट्टी येते. फ्लॅश दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. चक्रवाढ व्याज भरणाऱ्याला हे समजायला काय हरकत आहे? शिवाय गाडी हलत नाही, ‘झालं का?’ म्हणत नाही. एकाच फ्लॅशने दहा बाजूंनी दहा फोटो काढून ते पुढे जोडता येतात.

‘‘इतकं कशाला रे भो? गाडी विकायचीय, तिचं लग्न नाही लावायचं!’’

माझं खरं भांडण इथे आहे. समोरून मारलेल्या उजेडात सावली वस्तूच्या मागे दडते. सावली नाही तर पोचाही नाही. डेंटिंगचा मिस्त्री उगाच दिवा बाजूने धरत नाही. केळीच्या बागेत रात्री पाणी धरायला जाणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. कपाळावरच्या बॅटरीत खड्डा सपाट दिसतो. तीच बॅटरी हातात घेऊन कमरेशी तिरपी धरली की खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. चादरीची रेघ पत्र्यावर सरळ धावली तर चांगलं. मध्येच ती लाटेसारखी वळली, तर आत लांबी भरली असेल असं समजून मिस्त्रीला बोलवावं.

कपाळावरच्या उजेडातला सपाट फोटो मोबाइलवर पाहून चोपड्याहून, भुसावळहून माणूस येतो आणि इसार देऊन मोकळा होतो. कर्जाच्या फायलीतही तोच फोटो चिकटतो. फाइल पाहणाऱ्यांना पोचा दिसत नाही. तो दिसतो पहिल्या पावसाळ्यानंतर, लांबी फुगून रंगाचा पोपडा निघाला की. तोवर विकणारा फोन उचलायचा थांबलेला असतो.

माझी मागणी मोठी नाही. जुन्या गाडीच्या प्रत्येक जाहिरातीत निदान एक फोटो बाजूच्या उजेडातला हवा. फ्लॅश नसेल तर शेतावरची बॅटरी चालेल. विकणारा ‘त्याची काय गरज?’ म्हणाला, तर चहा घेऊन परत फिरावं. फोटो क्षणाचा असतो. हप्ते साठ असतात.