झाडही ओळखेल आणि कलमही ओळखेल असा वकील हवा



जिल्हा बैठकीत भावाची, कर्जाची, विजेची चर्चा आटोपली की चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो. मुलगा बारावी झाला, मुलगी हुशार आहे, पुढे काय शिकवावे? कोणी पोलीस भरती सुचवतो, कोणी नर्सिंग, कोणी म्हणतो स्पर्धा परीक्षेला बसवा. आज आम्ही एक वेगळीच वाट सुचवणार आहोत. आपल्या चळवळीतल्या निदान काही मुलामुलींनी कायदा आणि वनशास्त्र या दोन्ही विद्या शिकाव्यात. दोन भावांनी एकेक वाटून घ्यायची नाही. दोन्ही एकाच डोक्यात असल्या पाहिजेत.

कोणी म्हणेल, आम्ही कोरडवाहू पऱ्हाटी-ज्वारीवाले; आमचा जंगलाशी काय संबंध? संबंध किती आहे ते मोजून बघू.

पहिला संबंध धुऱ्यावरच्या झाडाचा. समजा, तुमच्या बापाने धुऱ्यावर साग लावला. जमीन तुमची, सातबारा तुमचा, पाणी घातले तुमच्या मायने. मुलीच्या लग्नासाठी चार झाडे तोडायची म्हटली, तर महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी हवी. तोडलेला माल गावाबाहेर न्यायचा, तर १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ४१ व्या कलमाखालचे वाहतूक नियम आडवे येतात. आणि प्रकरण चिघळलेच, तर त्याच कायद्याचे ६९ वे कलम पुढे उभे राहते. वनोपज सरकारी आहे की नाही असा वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानायचे, असे ते कलम सांगते. कापसाची गाडी जिनिंगवर नेली तर "हा कापूस सरकारचा नाही हे सिद्ध कर" असे कोणी म्हणत नाही. लाकडाच्या बाबतीत मात्र कायदा तेच म्हणतो. दुसऱ्या धंद्यांतले लायसन्स-परमिट राज १९९१ पासून सैल होत गेले, धुऱ्यावरच्या झाडाला ते अजून चिकटून आहे.

बांबूची कथा तर याहून भारी. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असते की बांबू हे गवत आहे. पण १९२७ च्या कायद्याने त्याला झाडाच्या व्याख्येत बसवले. नव्वद वर्षे हे गवत कागदावर झाड राहिले. ते व्याख्येतून निघाले २०१७ साली. ज्यांना गवत कळत होते त्यांना कायदा कळत नव्हता आणि ज्यांना कायदा कळत होता त्यांनी गवताकडे पाहिले नाही. दोन विद्या वेगवेगळ्या घरी नांदल्या की शेतकऱ्याचे असे नुकसान होते.

दुसरा संबंध रोही आणि रानडुकरांचा. रात्री कळप शिरला की निसवलेली ज्वारी सकाळी आडवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमात माणसाच्या जिवाला आणि मालमत्तेला झालेल्या धोक्याचा विचार आहे, आणि त्या मालमत्तेत शेतात उभे असलेले पीक स्पष्ट शब्दांत धरलेले आहे. हे वाक्य किती शेतकऱ्यांना माहीत आहे? नुकसानभरपाईचा अर्ज केला की पंचनामा होतो. खूर कोणाचा, दाताची खूण कोणाची, नुकसान किती, हे वनविभागाचा माणूस सांगतो आणि आपण मान डोलावतो. आपल्या वकिलाला कलम सांगता येते, पण खूर ओळखता येत नाही. आपल्या सालगड्याला खूर ओळखता येतो, पण त्याचे म्हणणे कागदावर येत नाही.

तिसरा संबंध गावामागच्या जागेचा. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत जुन्या मध्यप्रांतापासून कागदावर "झुडपी जंगल" म्हणून नोंदलेली जमीन आहे. बोर, पळस, तरवड याच्यापलीकडे तिथे फारसे काही नाही. गावाची गुरे तिथेच चरली. पुढे काही जागांवर घरे, शाळा, स्मशाने झाली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जंगल या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ घ्यायचा, जमिनीचा मालक कोणी का असेना. त्यावरून झुडपी जंगल हे जंगल की कुरण, हा वाद चालत राहिला. २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने निकाल दिला की ही जमीन जंगलच समजायची. सुमारे ८६ हजार हेक्टरांचा हा प्रश्न होता. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत दुसऱ्या कामासाठी दिलेल्या जागा केंद्राच्या मंजुरीने नियमित करण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. त्यानंतरच्या वाटपाला मात्र कडक अटी घातल्या.

म्हणजे आता गावोगाव एकाच तारखेवर सगळे अवलंबून आहे. आपल्या शाळेची, आपल्या घराची जागा त्या तारखेच्या आधी दिली की नंतर, कोणाच्या आदेशाने दिली, कागद कुठे आहे? हे काम नुसत्या वकिलाचे नाही आणि नुसत्या झाडे जाणणाऱ्याचेही नाही.

आता इतिहास पाहा. या दोन विद्या एकत्र आणायची अक्कल सरकारला फार आधी आली होती. १८७८ साली इंग्रजांनी वन कायदा केला. त्याच साली डेहराडूनला वनशाळा काढली. १८८२ साली बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने खास वनाधिकाऱ्यांसाठी कायदाशास्त्राचे जाडजूड पुस्तक लिहिले. लाकूड मोजणाऱ्याला कायदाही आला पाहिजे, हे त्या राज्यकर्त्यांना कळले होते. आणि लगेच पुढच्या वर्षी, १८८३ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी "शेतकऱ्याचा असूड" लिहिला. वनखात्याने डोंगर-पडीक जागा बंद केल्याने गरीब शेतकऱ्याची गुरे कशी उपाशी पडली, ही तक्रार त्यात मांडलेली आहे. एका बाजूला कायद्याचे पुस्तक, दुसऱ्या बाजूला असूड. त्याला एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. त्यांच्या बाजूचे पुस्तक वाढत गेले. आपल्या बाजूला असूड राहिला, पुस्तक आलेच नाही.

अपवाद झाले, नाही असे नाही. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. अणे हे यवतमाळचे वकील. कोणता कायदा मोडायचा आणि त्यासाठी हातात विळा का घ्यायचा, हे दोन्ही त्यांना कळत होते. पऱ्हाटीच्या मुलखातच हे घडले, हे आपण विसरून गेलो.

आणि आम्ही काय केले? हा कबुलीजबाबही इथेच देऊन टाकतो. रस्ता रोको केला, तुरुंग भरले, घोषणा दिल्या. नंतर तारखा पडू लागल्या तेव्हा वकील शोधत फिरलो. जो भेटला तो सज्जन होता, पण त्याला झुडपी म्हणजे काय तेच आम्हाला आधी समजावून सांगावे लागले. आंदोलनाने दार उघडते. आत जाऊन बसायला शिकलेला माणूस लागतो.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात कायद्याची पदवी आणि वन-पर्यावरणाची पदव्युत्तर पदवी जोडून घेता येते. वेगवेगळ्या घेतल्या तर तीन आणि दोन मिळून पाच वर्षे लागतात, जोडून घेतल्या तर चार. तिथे मोठ्या कंपन्यांची आणि सरकारची जंगले आहेत, त्यांचे खटले लढायला असे लोक तयार होतात. आपल्या पोराला येलला पाठवा असे सांगण्याइतके आम्ही खुळे नाही. पण तिथले विद्यापीठ ज्याला एक शिक्षण मानते, ते आपल्याकडे दोन खोल्यांत कोंडलेले आहे, एवढे लक्षात घ्या.

आपल्याकडची वाट लांबची आहे. अकोल्याला किंवा दापोलीला वनशास्त्राची पदवी चार वर्षांची. त्यानंतर एलएल.बी. तीन वर्षांची. एकूण सात. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे कायद्याचा नियमित अभ्यासक्रम चालू असताना दुसरा नियमित अभ्यासक्रम करता येत नाही, म्हणून एकापाठोपाठ एकच करावे लागते. क्रमही महत्त्वाचा आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला नुसत्या कायद्याच्या पदवीवर बसता येत नाही. वनशास्त्र, कृषी, अभियांत्रिकी किंवा ठरलेल्या विज्ञान विषयाची पदवी लागते. म्हणून आधी वन किंवा शेती, मग कायदा. अशा मुलाला दोन्ही दरवाजे उघडे राहतात.

सात वर्षे हा कोरडवाहू घरासाठी लहान आकडा नाही. दोन हंगाम बुडाले तर घर बसते. वकिलीची पहिली काही वर्षे तर पेट्रोलचाही खर्च निघत नाही. तेव्हा कोणीही जमीन गहाण टाकून, सावकाराच्या दारात जाऊन हे शिक्षण करू नये, असे आम्ही स्पष्ट लिहून ठेवतो. त्यापेक्षा जवळची वाट बघा. गावोगाव बी.एस्सी. ॲग्री होऊन घरी बसलेली मुले-मुली आहेत. जमीन, झाड, कीड त्यांना कळते. त्यांना फक्त तीन वर्षांची एलएल.बी. हवी. कायद्याची कॉलेजे जिल्ह्याच्या गावी आहेत. वकिलीच्या नोंदणीसाठी राज्यांची बार कौन्सिले मनमानी फी घेत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायद्यातल्या रकमेवर आणले: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये.

आणि पदवी येईपर्यंत थांबायचे का? तेही नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने महाविद्यालयाची वाट पाहिली नाही. गावात अभ्यासगट बसवला. कायदा वाचला, जंगल पायाखाली घातले, प्रश्न विचारले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू नेण्याच्या परवान्यासाठी भांडावे लागले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जो परवाना शतकभर साहेबाच्या टेबलावर होता, तो गावाने स्वतः लिहायला घेतला. त्या गावच्या लोकांजवळ ना वकिलीची पदवी होती ना वनशास्त्राची. पण दोन्ही विद्या त्यांनी एकाच ओट्यावर आणून बसवल्या.

म्हणून येत्या बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत.

एक. प्रत्येक तालुक्यात दहा जणांचा अभ्यासगट. महिन्यातून एकदा बसायचे. सकाळी शिवार फिरायचे, दुपारी वन कायदा, वृक्षतोड कायदा, वन्यजीव कायदा आणि वनहक्क कायदा मराठीतून वाचायचा. निम्म्या जागा बायकांच्या, कारण सरपण आणि चारा कुठून येतो हे त्यांनाच जास्त ठाऊक.

दोन. जिल्ह्यामागे एक कृषी किंवा वन पदवीधर निवडून त्याच्या तीन वर्षांच्या कायद्याच्या शिक्षणाला हात द्यायचा. प्रत्येक कार्यकर्त्याने हंगामाला एक पायली ज्वारी किंवा तिची किंमत दिली तरी हे जमते. ही भीक नाही, हे आपले बियाणे आहे. त्याच्याकडून बाँड लिहून घ्यायचा नाही. चार माणसांत शब्द घ्यायचा.

तीन. झुडपी जंगलाच्या सहा जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी १२ डिसेंबर १९९६ पूर्वीचे कागद आत्ताच गोळा करायचे. वाटपाचे आदेश, ग्रामपंचायतीचे ठराव, घरटॅक्सच्या पावत्या, शाळेची हजेरीपुस्तके, जे मिळेल ते. वाळवी कोणाची वाट पाहत नाही.

बैठकीला येताना सातबारा आणा, जुने कागद आणा, आणि घरी बसलेला तो ॲग्रीवाला पोरगा किंवा पोरगी असेल तर बरोबर घेऊन या. त्यांच्याशी आम्हाला बोलायचे आहे.