संस्था आहेत, सेवा हवी

साथ आली की शासनयंत्रणा खडबडून जागी होते आणि साथ ओसरली की पुन्हा निद्राधीन होते, हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही वावगे आहे असेही कोणास वाटेनासे झाले आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’ या हातापायांतील बळ हिरावून घेणाऱ्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेवर गेली. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने नमुने तपासले, तेव्हा काहींमध्ये दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा ‘कॅम्पिलोबॅक्टर’ हा जंतू आढळला आणि तपासाला दिशा मिळाली. ही संस्था त्याच शहरात होती, हे पुणेकरांचे भाग्य. परंतु हाच प्रकार गडचिरोलीच्या एखाद्या आडवळणाच्या तालुक्यात घडला असता तर? जंतूचे नाव कळण्यास किती दिवस लागले असते, आणि तोवर किती माणसे त्याच विहिरीचे पाणी पीत राहिली असती?

या प्रश्नाचे एक उत्तर १९९४ साली देशाने पाहिलेले आहे. त्या वर्षी बीड जिल्ह्यातील मामला गावी ग्रंथिज्वराच्या प्लेगची वार्ता उठली आणि पाठोपाठ सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची. सुमारे पन्नास माणसे दगावली; पण लाखो लोकांनी सुरत सोडली, परदेशांनी विमाने थांबविली, व्यापार कोलमडला. हा प्लेगच आहे काय, याविषयीचा वाद मात्र पुढे कित्येक महिने चालू राहिला. खात्रीचे निदान वेळेवर हाती नसले म्हणजे अफवा हेच निदान ठरते, आणि मग ‘रोग रेड्याला, औषध पखालीला’ अशी अवस्था होते.

वस्तुतः प्रयोगशाळा ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस सिद्ध केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली. त्याच प्लेगने आपल्याला दुसराही एक वारसा दिला. तो म्हणजे १८९७ चा साथरोग कायदा. घरात शिरण्याचे, माणसे अलग ठेवण्याचे जे अधिकार त्या काळी गाजविले गेले, त्यांची परिणती पुण्यात रँडच्या वधात झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. चार कलमांच्या त्या मूळ कायद्यात दंडशक्ती आहे. प्रयोगशाळेविषयी अवाक्षर नाही. आणि २०२० मध्येही सरकारला आधार घ्यावा लागला तो त्याच कायद्याचा! दंडुका आणि सूक्ष्मदर्शक या दोन वारशांपैकी आपण पहिला अधिक निष्ठेने सांभाळला, असेच म्हणावे लागते.

या संदर्भात ब्रिटनचा अनुभव पाहण्यासारखा आहे. १९३७ साली लंडननजीकच्या क्रॉयडन येथे एका विहिरीच्या दुरुस्तीच्या काळात पाणी शुद्ध न करताच नळांत सोडले गेले आणि विषमज्वराने ४३ बळी घेतले. पुढे १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच, बाँबहल्ल्यांमुळे साथी पसरतील, शत्रू रोगजंतूंचाही वापर करील, या भीतीने इंग्लंड व वेल्समध्ये शहरोशहरी आणीबाणीच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. भीती वाटली तशा साथी आल्या नाहीत. परंतु संकट टळले म्हणून प्रयोगशाळा मोडीत निघाल्या नाहीत, हे त्या राष्ट्राचे शहाणपण. १९४६ च्या कायद्याने सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा सेवेला कायमचे स्थान मिळाले. लंडनमधील कॉलिंडेल येथे मध्यवर्ती प्रयोगशाळा आणि तिला जोडलेल्या ठिकठिकाणच्या शाखा, अशी तिची रचना होती. तपासण्याची रीत सर्वत्र एकच. त्यामुळे दूरदूरच्या गावांतील दोन-दोन, तीन-तीन रुग्ण एकाच दूषित खाद्यपदार्थाचे बळी आहेत, हे एका टेबलावर जुळवून पाहता येई.

अशा सेवेचा दुसरा गुण सत्य बोलण्याचा. १९८८ मध्ये कोंबडीच्या अंड्यांतून ‘साल्मोनेला’ जंतू पसरत असल्याचे प्रयोगशाळांच्या आकड्यांवरून दिसू लागले. आरोग्य खात्याच्या उपमंत्री एडविना करी यांनी ते जाहीरपणे, जरा अतिव्याप्त शब्दांत, बोलून दाखविले. अंडी-उत्पादक खवळले आणि दोन आठवड्यांत करीबाईंना पद सोडावे लागले. मंत्री गेल्या, आकडे मात्र राहिले आणि अखेर कोंबड्यांना लस टोचण्यापर्यंत सुधारणा झाल्या. प्रयोगशाळा मंत्र्याच्या मर्जीवर अवलंबून असती, तर आकडेही त्यांच्यासोबत गेले असते.

पण हेच शहाणपण पुढे टिकले नाही. २००३ मध्ये ही सेवा एका नव्या संस्थेत विलीन झाली आणि बहुतेक स्थानिक प्रयोगशाळा रुग्णालयांच्या स्वाधीन झाल्या. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या चाचण्यांची क्षमता अपुरी पडली आणि रुग्णालयांबाहेरील सरसकट चाचण्या त्या देशाला थांबवाव्या लागल्या. या अपयशाची कारणे अनेक होती, हे खरे. तथापि मोडलेल्या जाळ्याची आठवण तेथील काही तज्ज्ञांनी तेव्हा काढली, ती अकारण नव्हे.

आपल्याकडे ३० जानेवारी २०२० रोजी केरळातील पहिल्या रुग्णाचे निदान झाले ते पुण्याच्या संस्थेत. वर्ष संपेपर्यंत देशात दोन हजारांहून अधिक प्रयोगशाळा ही चाचणी करू लागल्या. हा पराक्रम लहान नव्हे. पण तहान लागल्यावर खणलेली विहीर तहान भागताच बुजू लागते, हाही आपला इतिहास आहे. २०२१ मध्ये केंद्राने प्रत्येक जिल्ह्यात एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा उभारण्याची योजना घोषित केली. योजना स्वागतार्ह आहे. प्रश्न इमारतीचा नाही. तीत बसणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचा, तंत्रज्ञाचा आणि दर महिन्याला लागणाऱ्या रसायनांचा आहे.

खासगी प्रयोगशाळा गल्लोगल्ली असताना हा खर्च कशाला, असे विचारणारे निघतीलच. त्यांना एवढेच सांगावे की, खासगी प्रयोगशाळा पैसे देणाऱ्या रोग्याचे रक्त तपासते. गावची विहीर पैसे देत नाही. जलसुरक्षकाने पाण्यात टीसीएल पावडर टाकली की नाही आणि ते पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, हे पाहण्यात कोणाचाच नफा नाही. म्हणूनच ते राज्यसंस्थेचे काम आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय असला तरी रोगजंतू राज्यांच्या सीमा मानत नाहीत. म्हणून केंद्राने व राज्यांनी मिळून या प्रयोगशाळांना कायद्याचा आधार द्यावा, तपासणीची रीत एक ठेवावी, मंजूर पदे भरावीत आणि पाण्याचे व साथींचे अहवाल नियमाने प्रसिद्ध करावेत. गावातल्या शाळेच्या फलकावर सुविचाराशेजारी त्या गावच्या पाण्याचा अहवालही लिहिला जाऊ लागला, तर शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना जाब विचारता येईल. साथ नसताना ज्या प्रयोगशाळेत दिवा जळतो, तिचाच साथीच्या काळात उपयोग होतो. तो दिवा जळता ठेवण्याचा खर्च आपण टाळला, तर त्याची वसुली पुढची साथ करील, आणि ती पैशांत करणार नाही.