काना कुठे गेला?

रात्री साडेदहाला आईचा फोन. आमच्या डोंबिवलीच्या घरात ही वेळ म्हणजे मध्यरात्र. काळजात धस्स झालं.

‘अगं, बाबा सेक्रेटरीपद सोडतायत.’

हुश्श! एवढंच ना? पण आईचा आवाज काही ‘एवढंच’वाला नव्हता. ‘म्हणतायत, बोटं साथ देत नाहीत आता. टाइप करताना अक्षरं गळतात. कुणाला सांगू नकोस म्हणाले, म्हणून तुला सांगतेय.’

आता तुम्हाला आमचे बाबा माहीत नाहीत, म्हणून सांगते. तरुणपणी ४०च्या स्पीडची मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास झालेला माणूस! रिटायर झाल्यावर हट्टाने कॉम्प्युटर शिकला, इनस्क्रिप्टवर हात बसवला आणि सोसायटीची नोटीस, इतिवृत्त, थकबाकीची पत्रं असं सगळं एकहाती टाइप करायला लागला. वय ७१, पण नोटिशीत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडली तर शपथ. अशा माणसाच्या नोटिशीत ‘सभासद’चा ‘सभसद’ झाला होता. ‘पाणीपट्टी’ची ‘पणीपट्टी’. एका ठिकाणी तर ‘सचिवववववव’! खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी हसून विचारलं, ‘काय काका, चष्मा बदलायला झाला का?’ बाबा हसले म्हणे. आणि घरी येऊन राजीनामा लिहायला बसले. हाताने.

आता माझी कबुली. आदल्या महिन्यात बाबांनी मला फोनवर दोनदा सांगितलं होतं की की-बोर्ड नीट चालत नाही. मी मीटिंगमध्ये होते. (आपण नेहमीच असतो!) ‘बाबा, सेल बदला, होईल नीट,’ असं सांगून मोकळी झाले. त्यांनी बदलले. दोनदा बदलले. तरी अक्षरं गळतच राहिली. मग त्यांनी काय निष्कर्ष काढावा? यंत्र बरोबर, लेक बरोबर, म्हणजे चूक आपलीच.

शनिवारी सकाळी फास्ट लोकल पकडली.

सर्वात आधी माळ्यावरून जुना, वायरवाला की-बोर्ड काढला. पिवळा पडलेला, दोन किज्वरची अक्षरं पुसलेली. धूळ झटकली, जोडला आणि म्हटलं, ‘बाबा, कालची नोटीस पुन्हा टाइप करा.’ ते टाळत होते. ‘कशाला उगाच?’ मग बसले. खट खट खट. एक पान. आम्ही दोघींनी दोनदा वाचलं. एक काना गेला नव्हता, एक मात्रा हलली नव्हती. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि काहीच बोलले नाहीत. आई चहा टाकायला आत गेली, ती जरा जास्तच वेळ आत राहिली.

तर मंडळी, फंडा नंबर एक: वायरलेस बिघडलं की आधी वायरवालं लावून बघा. पाच मिनिटांत कळतं की दोष माणसात आहे, कॉम्प्युटरमध्ये आहे की मधल्या हवेत. मी हेच फोनवर सांगायला हवं होतं.

फंडा नंबर दोन: एकटा की-बोर्ड रुसलाय की माउसही? बाबांना विचारलं तर म्हणाले, ‘माउस पण अडखळतो गं. मला वाटलं हात थरथरतोय.’ झालं, सुगावा लागला! या सेटमध्ये दोघांना मिळून एकच रिसीव्हर असतो, नखाएवढा, यूएसबीमध्ये खोचलेला. दोन्ही एकाच वेळी बिघडले तर दोघांचे सेल एकदम संपले असतील ही शक्यता कमी. संशय रिसीव्हरवर घ्यायचा. एकच बिघडलं असेल तर मात्र सेल, ऑन-ऑफचं बटण आणि सेलच्या टोकांवरचा गंज आधी बघा.

फंडा नंबर तीन, आणि हा कुठल्याही बिघाडाला लागू: बिघडायच्या आधी काय बदललं होतं? बाबा विचार करून म्हणाले, ‘काही नाही. तू दिलेली हार्ड डिस्क लावली, तेवढीच.’

जुलैत बाबांच्या वाढदिवसाला मी त्यांना एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिली होती. जुने फोटो साठवायला. ती त्यांनी सीपीयूच्या मागे, निळ्या यूएसबी पोर्टमध्ये लावली आणि कायम लावूनच ठेवली. रिसीव्हर त्याच्याच शेजारी, खांद्याला खांदा लावून.

आणि इथेच गोम आहे. बहुतेक वायरलेस की-बोर्ड-माउस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. त्यांचा आवाज अगदी बारीक, पुटपुटल्यासारखा. निळा पोर्ट बहुधा यूएसबी ३.० असतो आणि त्यावरून डेटा धावायला लागला की पोर्ट, केबल आणि डिस्क मिळून नेमक्या त्याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक सविस्तर टिपणच काढलं होतं. म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कुणाच्या तरी कानगोष्टी ऐकायच्या! रिसीव्हरला काही शब्द ऐकूच येत नाहीत. ‘की दाबली’ हा निरोप हरवला की काना गायब. ‘की सोडली’ हा निरोप हरवला की कॉम्प्युटरला वाटतं बोट अजून तिथेच आहे, आणि मग ‘सचिवववववव’.

खात्री करायला वायरलेस पुन्हा लावला. डिस्क काढली, टाइप केलं: स्वच्छ. डिस्क लावून फोटो कॉपी करायला ठेवले, टाइप केलं: ‘सभसद’! बाबा लहान मुलासारखे हसले. ‘पुन्हा कर, पुन्हा कर.’ तीनदा करून दाखवलं. प्रत्येक वेळी गुन्हेगार तोच. म्हणजे माझंच गिफ्ट.

उपाय? नवा सेट नाही, फॉरमॅट नाही, इंजिनीअर नाही. एक साधी यूएसबी एक्स्टेंशन केबल. रिसीव्हर तिच्या टोकाला लावून टेबलावर, की-बोर्डच्या समोर आणला. सीपीयूचा लोखंडी डबा मधून गेला, डिस्कपासून अंतर वाढलं, विषय संपला. केबल नसेल तर रिसीव्हर पुढच्या, काळ्या पोर्टमध्ये लावूनही बऱ्याचदा भागतं.

तुमच्याकडे हार्ड डिस्क नाही, तरी त्रास आहे? मग ही छोटी यादी फ्रिजवर चिकटवा:

■ वाय-फायचा राउटर आणि मायक्रोवेव्हसुद्धा याच २.४च्या पट्ट्यात असतात. रिसीव्हर राउटरला चिकटून नको. कॉम्प्युटरचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर टाकता आलं तर उत्तम.

■ थोडा वेळ हात थांबला की पहिली दोन-तीन अक्षरं जातात? विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवत असेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबवर जा आणि पॉवर मॅनेजमेंटचा टॅब दिसला तर तिथली टिक काढा.

■ ब्लूटूथवाला सेट असेल तर यादीतून काढून नव्याने पेअर करा.

■ पॉइंटर नाचतोय, पण की-बोर्ड ठणठणीत? टेबलावर काच आहे का बघा. साध्या ऑप्टिकल माउसला पारदर्शक काच झेपत नाही. खाली जाड कागद ठेवला तरी पुरे.

■ रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, साधे अल्कलाइन १.५चे. त्यामुळे काही सेट भरलेल्या सेललाही ‘लो’ म्हणतात. घाबरू नका.

■ एक वायरवाला की-बोर्ड आणि माउस घरात ठेवाच. भंगारवाल्याला देऊ नका!

आणि शेवटची गोष्ट यादीत न बसणारी. आपलं मशीन बिघडलं की आपण मशीनला शिव्या घालतो. आपल्या आई-बाबांचं बिघडलं की ते स्वतःला दोष देतात, आणि आपण मीटिंगमधून ‘सेल बदला’ सांगून त्या समजुतीवर शिक्का मारतो. पुढच्या वेळी असा फोन आला तर फक्त दहा मिनिटं द्या. एकेक गोष्ट विचारा. आणि पहिलं वाक्य हे म्हणा: ‘तुमचं काही चुकलेलं नाही.’

राजीनामा बाबांनी फाडला. परवा सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस मला व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली एक ओळ जोडून: ‘सर्व काने जागेवर आहेत. तपासून घे.’

तपासले. आहेत.