गाजरगवत: हातमोजे घाला, ग्रामसभेत बोला

पाऊस झाला की आपल्या भांडगावच्या वस्तीत अंगणातल्या अळू आणि गवती चहाच्या आधी गाजरगवत वाढतं. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंद झालेलं हे परदेशी तण आता गटारकाठी, समाजमंदिरामागे, सगळीकडे आहे. त्याच्या स्पर्शानं अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. परागकणांमुळे शिंका येतात, दम्याचा त्रास वाढतो.

तरीही घरोघरी ते बायाच उघड्या हातांनी उपटतात. हे आम्हाला मान्य नाही. शतकानुशतकं गावाची घाण काढण्याचं काम आपल्या माथी मारलं गेलं. आता घरातल्या घरात तेच काम एकट्या बाईच्या माथी नको. पुरुषांनी आणि तरुण पोरांनीही हात लावावा.

पांढरी फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना गवत मुळासकट उपटा. एका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून फुलं येईपर्यंत थांबू नका. हातमोजे नसतील तर हातांना प्लास्टिकची पिशवी बांधा, नाकाला रुमाल लावा, नंतर साबणानं हातपाय धुवा. लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना दूर ठेवा. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचं बी टाका. तो गाजरगवताला दाबतो आणि कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

अंगण आपलं, पण गटारकाठ आणि रस्ता ग्रामपंचायतीचा. स्वच्छता हे तिचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. गावठाणात तण काढलं जातं, तसं वस्तीतही काढलं पाहिजे. येत्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

जय भीम!